सासूबाईंना सीओपीडी, कार्डावर ‘पल्मनरी रिहॅब’ लिहिलंय. धाप लागणाऱ्या माणसाला चालवायचं कसं?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितेय पण ज्यांच्या घरात दम्याचा किंवा सीओपीडीचा (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार) पेशंट आहे त्यांनी जरूर वाचा आणि जी माहिती असेल ती सांगा.

सासूबाई ६७ वर्षांच्या, गाव पाटण तालुक्यात वर डोंगरात. विडी-सिगारेटला आयुष्यात हात लावला नाही, पण लग्न होऊन आल्यापासून चूल, तीही खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात, पावसाळ्यात ओली लाकडं, आणि मशेरी पण घरातच तव्यावर भाजायच्या. गॅस येऊन बरीच वर्षं झाली तरी आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. दम लागतोय कित्येक वर्षांपासून, सगळे दमाच म्हणायचे, पावसाळा लागला की इंजेक्शन आणि गोळ्या असंच चाललं होतं. या थंडीत फारच झालं, कराडला अ‍ॅडमिट करावं लागलं, तिथं पहिल्यांदा फुंकायची टेस्ट झाली आणि सीओपीडी आहे असं कळलं. एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात जोरात किती हवा बाहेर फुंकता येते ते, निरोगी माणसाच्या तुलनेत) ४१ टक्के. कॅप्सूल टाकून ओढायचं रोटाहेलर दिलंय आणि ऑक्सिजनचं मशीन आम्ही भाड्याने आणून ठेवलंय.

डिस्चार्ज कार्डावर शेवटी एक ओळ आहे, पल्मनरी रिहॅबिलिटेशन. ते काय, कुठे, कधी, कोणी काही बोललं नाही, हातात एक इंग्रजी पत्रक दिलं आणि पुढचा पेशंट. पत्रकात चालणं, खुर्चीतून उठणं-बसणं, हातात वजन घेणं अशी चित्रं आहेत. आता इथे परिस्थिती अशी की आई आंघोळ करून आल्या की अर्धा तास खाटेवर बसून राहतात, केस विंचरायला हात वर केले तरी धाप लागते. सासरे म्हणतात तिला आता कशाला हात लावू देऊ नका, नणंद म्हणते आराम हेच औषध. आणि कागद म्हणतोय व्यायाम करा. मला खरंच कळत नाहीये कोणाचं ऐकू.

माझे प्रश्न असे की १) याने फुफ्फुसं सुधारतात का २) आठवड्यातून दोन-तीनदा घाट उतरून सेंटरला नेणं शक्य नाही, घरी करता येईल का ३) तीन गोट्यांचं फुंकायचं खेळणं मेडिकलवाल्याने दिलंय ते म्हणजेच रिहॅब का ४) धाप लागली की नणंद ऑक्सिजनचं मशीन ५ लिटरवर करते, मला भीती वाटते, बरोबर आहे का ते?

फिजिओ_करवीर

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, कार्डिओ-रेस्पिरेटरीच करते, त्यामुळे सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तिथेच लोकांचा अपेक्षाभंग होतो आणि मग सगळं सोडून देतात. नाही, फुफ्फुसं सुधारत नाहीत. ४१ चे ५० होणार नाहीत. रिहॅब फुफ्फुसांसाठी नाहीच मुळी, ते पायांसाठी आहे, हातांसाठी आहे, आणि धापेच्या भीतीसाठी आहे. हे नातेवाइकांना पटवणं हे माझं निम्मं काम असतं.

सीओपीडीत खरा त्रास श्वास घेण्यापेक्षा श्वास सोडण्यात असतो. श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात, आतली हवा पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास घ्यायची वेळ येते, हवा आत साठत जाते, छाती फुगलेलीच राहते. भरलेल्या एसटीत पुढच्या स्टॉपवर आणखी माणसं चढवायला जावं तसं होतं, उतरल्याशिवाय जागाच नाही. म्हणून पेशंट म्हणतो श्वास घेता येत नाही, पण उपाय असतो नीट सोडण्यात. हा झाला एक भाग. दुसरा भाग पायांचा आणि तो कोणी सांगत नाही. धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो, बसला की मांड्यांचे स्नायू उतरतात, उतरलेले स्नायू थोड्याशा कामात थकतात आणि लॅक्टिक अ‍ॅसिड तयार करायला लागतात, ते निस्तरायला शरीर श्वास आणखी वाढवतं, म्हणजे पूर्वी दहा पायऱ्यांना लागणारी धाप आता चारला लागते, मग माणूस अजून बसतो. फुफ्फुस आहे तेवढंच आहे पण माणूस महिन्या-महिन्याला खाली जातो. तुमच्या सासरेबुवांची माया कळते मला, पण खाटेवर बसवून ठेवल्याने त्या अजून कमजोर होतायत.

हे माझं मत नाही. २०१५ चा कॉक्रेन रिव्ह्यू आहे, ६५ ट्रायल्स आणि ३८२२ पेशंट एकत्र करून बघितले, ६ मिनिटांत जेवढं चालता येतं ते सरासरी ४४ मीटरने वाढलं. पेशंटला स्वतःला फरक जाणवायला साधारण ३० मीटर पुरतात. धाप, थकवा, मनाची अवस्था सगळ्यात फरक होता आणि तो इतका स्पष्ट होता की रिहॅब विरुद्ध नेहमीची ट्रीटमेंट अशा ट्रायल्स आता आणखी करायची गरज नाही असं त्यांनीच लिहिलंय. वैद्यकशास्त्रात असं वाक्य फार कमी वेळा वाचायला मिळतं.

तीन गोट्यांचं खेळणं म्हणजे इन्सेन्टिव्ह स्पायरोमीटर, त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो, आणि ते ऑपरेशन झालेल्या पेशंटसाठी, भूल उतरल्यावर फुफ्फुसाचे कोपरे उघडावेत म्हणून. सीओपीडीत त्याचा विशेष उपयोग नाही. उलट गोट्या वर ठेवायच्या नादात जोरजोरात श्वास ओढून अजून दमतात लोक. बाजूला ठेवून द्या.

घरचं कसं करायचं ते संध्याकाळी लिहिते, ओपीडी सुरू झाली.

रानवारा_खटाव

ताईंना (फिजिओ) दुखवायचं नाही पण मी थोडं वेगळं बोलतो. माझ्या वडिलांना हाच आजार होता, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं की दगदग नको, जिना नको. आम्ही त्यांना फुलासारखं जपलं. आता ज्याची फुफ्फुसं ४० टक्के चालतात त्याला व्यायाम म्हणजे हार्टवर ताण नाही का? ट्रायल्स मोठ्या शहरात, एसी हॉलमध्ये, बाजूला नर्स उभी असताना होतात, गावात मध्यरात्री धाप लागली तर गाडी मिळायला तास जातो. जबाबदारी कोण घेणार? मनापासून विचारतोय, वाद घालायचा नाही.

छातीओपीडी

रानवारा दादा, प्रश्न अगदी रास्त आहे, तुम्ही वडिलांचं जे केलंत ते त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं तसंच केलंत. एकेकाळी जगभर हाच सल्ला दिला जायचा. १९५० च्या सुमाराला अमेरिकेत डॉ. बराक यांनी दमेकऱ्यांना अंथरुणात ठेवू नका, हळूहळू चालवा असं म्हटलं तेव्हा फारसं कोणी ऐकलं नव्हतं.

मी छातीविकार विभागात काम करतो, धोक्याचं बोलतो. व्यायाम सुरू करण्याआधी हार्ट बघितलंच पाहिजे, ईसीजी आणि शक्यतो टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी). नुकताच अटॅक येऊन गेलाय, बसल्या जागी छातीत दुखतं, ठोके अनियमित आहेत आणि औषधाने आटोक्यात नाहीत, हृदयाची झडप खूप अरुंद झालीये, अशांना आधी त्याची ट्रीटमेंट, व्यायाम नंतर. बाकीच्यांना धाप लागणं हा धोका नाही, धाप हे व्यायामाचं मोजमाप आहे. मध्यम धाप लागली पाहिजे आणि थांबल्यावर काही मिनिटांत उतरली पाहिजे.

आता बसून राहण्याचा धोका पण मांडू. २०२० साली ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय मासिकात तिथल्या मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी विम्याच्या १,९७,३७६ पेशंटचा अभ्यास आला, सगळे सीओपीडी वाढून अ‍ॅडमिट होऊन घरी गेलेले. त्यातल्या फक्त दीड टक्का लोकांनी ९० दिवसांच्या आत रिहॅब सुरू केलं. वर्षभरात या लोकांतले ७.३ टक्के गेले, बाकीच्यांतले १९.६ टक्के. आता कोणी म्हणेल जे मुळात धडधाकट होते तेच गेले असतील रिहॅबला, ते काही अंशी खरंय, पण वय, इतर आजार वगैरे हिशोबात धरूनही मृत्यूचा धोका जवळपास ३७ टक्के कमी राहिला. म्हणून कोयनाकाठ ताई, तुमच्यासाठी हीच वेळ आहे. अ‍ॅडमिट होऊन आल्यानंतरचे पहिले काही आठवडे वाया घालवू नका.

आणि धाप लागली की मशीन ५ वर नेणं आजच्या आज थांबवा, ते बरोबर नाही. सीओपीडीच्या काही पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, त्यांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर तो आणखी वाढतो, माणूस सुस्त होतो, सकाळी डोकं दुखतं, बोलण्यात घोळ होतो, आणि घरच्यांना वाटतं शांत झोप लागलीये. अशा पेशंटचं सॅच्युरेशन (ऑक्सिमीटरवर दिसणारा रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का) ८८ ते ९२ मध्ये ठेवायचं असतं, ९९ करायचं नसतं. दुसरं म्हणजे धाप आणि ऑक्सिजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑक्सिजन ९३ असतानाही भयंकर धाप लागू शकते कारण हवा आत अडकलीये, त्या वेळी ऑक्सिजनने काही होत नाही, ओठ चंबूसारखे करून श्वास सोडणं आणि पंप याने होतं. घरचा ऑक्सिजन कोणाला लागतो तर बरे असतानाही बसल्या जागी सॅच्युरेशन ८८ किंवा त्याखाली राहतं त्यांना, आणि त्यांनी तो दिवसाला किमान १५ तास लावायचा असतो, धाप लागली की दहा मिनिटं असा नाही. डिस्चार्जला बसून किती होतं बघा कार्डावर आणि किती लिटर हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

वर्कशॉपवाला_नाशिक

माझा अनुभव सांगतो. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालो, विडी तरुणपणापासून, वरून वेल्डिंगचा धूर. विडी सोडली तेव्हा एफईव्ही१ ३८ होता. मुलाने जबरदस्तीने रिहॅबला घातलं, मी पण हेच म्हणालो होतो की मला चालता येत असतं तर इथे कशाला आलो असतो.

पहिल्या दिवशी काही करून घेतलं नाही, नुसतं एका लांब व्हरांड्यात दोन टोकांना दोन कोन (रस्त्यावर ठेवतात तसे प्लास्टिकचे शंकू) ठेवलेले, त्यात सहा मिनिटं फेऱ्या मारायच्या, थांबलात तरी चालेल, घड्याळ थांबणार नाही. बोटाला ऑक्सिमीटर. भिंतीवर ० ते १० आकड्यांचा तक्ता, शून्य म्हणजे धाप नाहीच, दहा म्हणजे आता जीव जातो. मॅडम दर थोड्या वेळाने विचारायच्या काका आकडा सांगा. सुरुवातीला मला वाटायचं ही काय शाळा. पण त्या आकड्याने माझी भीती घालवली हो. आधी धाप लागली की एकच वाटायचं, संपलं सगळं. मग कळायला लागलं की ही ४ ची आहे, ही ६ ची, आणि ६ वर थांबून पुढे वाकून, हात गुडघ्यावर ठेवून फू करत श्वास सोडला की ती ३ वर येते. एकदा खात्री पटली की ती उतरते, मग माणूस घाबरत नाही आणि घाबरला नाही की ती मुळात तेवढी चढतच नाही.

तिथेच कळलं की रोटाहेलर मी हळू ओढत होतो, ते जोरात आणि खोल ओढायचं, मग दहा आकडे श्वास धरायचा, आणि कॅप्सूलमध्ये पावडर उरली तर परत ओढायचं. ओढायच्या आधी श्वास बाहेर सोडून घ्यायचा, पण त्या यंत्रात नाही, बाजूला तोंड करून. आमच्या ग्रुपमधल्या एक आजी यंत्रातच फुंकायच्या, पावडर बाहेर, औषध शून्य. ताई तुमच्या आईंना एकदा तुमच्यासमोर ओढायला सांगा आणि बघा.

आता मी पंचवटीतून भाजी घेऊन पिशवीसकट चालत घरी येतो. मध्ये दोनदा थांबतो, पण येतो. आठ आठवड्यांचा कोर्स होता, संपल्यावरही चालणं आणि उठबस सोडली नाही. ग्रुपमधल्या ज्यांनी सोडलं त्यांना वर्षभरात परत पहिल्यासारखं झालेलं बघितलंय.

योगसाधक

हे सगळं ठीक आहे पण आपल्याकडे प्राणायाम असताना एवढा खटाटोप कशाला? अनुलोम-विलोम, भस्त्रिका, कपालभाती रोज केलं तर फुफ्फुसांची ताकद वाढते. आमच्या वर्गात दम्याचे बरेच लोक येतात, फायदा होतो, पैसे लागत नाहीत.

फिजिओ_करवीर

योगसाधक दादा, सावकाश श्वास, लांब उच्छ्वास, ओंकार, बसून करायची सोपी आसनं यांना माझा पूर्ण पाठिंबा आहे, मी स्वतः पेशंटना ओंकार म्हणायला लावते कारण त्यात श्वास लांब सोडला जातो. पण भस्त्रिका आणि कपालभाती मध्यम-गंभीर सीओपीडीत नको. श्वासाचा वेग वाढला की सोडायला वेळ कमी मिळतो आणि वर लिहिलं तशी हवा आत साठते. कुंभकही नको, श्वास कोंडून धरण्याइतकी शिल्लक त्यांच्याकडे नसते (इनहेलरनंतर थोडा वेळ धरतात ते वेगळं). आणि प्राणायामाने मांड्या मजबूत होत नाहीत. दोन्ही करा, पण एकाच्या जागी दुसरं नको.

आता ताई, घरचं. सेंटर लांब म्हणून सोडून देऊ नका. मेलबर्नला यावर चांगली ट्रायल झालीये, २०१७ साली छापून आली, पेशंटच्या घरी एकदा भेट आणि मग दर आठवड्याला फक्त फोन, आठ आठवडे, आणि शेवटी सेंटरला येणाऱ्यांइतकाच फायदा दिसला. पण सुरुवात एकदा समोरासमोर व्हायलाच हवी. फॉलोअपला कराडला जाल तेव्हा त्याच दिवशी फिजिओथेरपी विभागात दाखवा, सहा मिनिटांची चालण्याची टेस्ट करून घ्या, चालताना ऑक्सिजन किती उतरतो ते तिथेच कळतं. बसून ९४ असलेला पेशंट चालताना ८५ वर जाऊ शकतो, आणि तसं असेल तर कसं चालवायचं ते तिथले लोक ठरवतील. मिरज, कोल्हापूर, सातारा कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या छाती विभागात विचारा, फिजिओ असतोच.

मग घरी. पंप घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी सुरुवात, म्हणजे नळ्या उघडलेल्या असतात. जेवल्यावर लगेच नाही, पोट भरलं की छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला खाली यायला जागा राहत नाही. आधी श्वास, नाकाने दोन आकडे घ्यायचा, ओठ चंबू करून चार आकडे सोडायचा, दिवा विझवायचा नाही, नुसती ज्योत हलवायची एवढ्या हळू. हे बसून जमलं की चालताना. अंगणात किंवा ओसरीवर सपाट जागा बघा, दोन मिनिटं चालायचं, एक-दोन मिनिटं बसायचं, पुन्हा दोन मिनिटं, अशा जेवढ्या फेऱ्या जमतील तेवढ्या, नाशिकच्या काकांनी सांगितलेला तक्ता वापरायचा, धाप ४ ते ६ मध्ये हवी. दोनला असेल तर वेग वाढवा, सातला गेली तर थांबा. हळूहळू सलग वीस-तीस मिनिटांपर्यंत न्यायचं, आठवड्यातले पाच दिवस तरी.

ताकदीचं एक दिवसाआड. हात नसलेली पक्की खुर्ची भिंतीला टेकवून, उठताना श्वास सोडायचा, बसताना घ्यायचा. नियम एकच, जोर लावताना श्वास सोडायचा, कधीच कोंडायचा नाही. आठ-दहा वेळा उठबस, विश्रांती, परत. उंबऱ्याच्या पायरीवर चढ-उतार, एका हाताने चौकट धरून. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या दोन्ही हातात घेऊन खांद्यापर्यंत. हे हातांचं टाळू नका, केस विंचरणं, दोरीवर कपडे वाळत टाकणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं, हात डोक्याच्या वर गेले की श्वासाला मदत करणारे स्नायू दुसऱ्या कामाला लागतात, म्हणून तुमच्या आईंना वेणी घालताना धाप लागते. वेणी घालायला कोपर टेबलावर किंवा उशीवर टेकवायचं.

आंघोळीचं पण सांगते कारण बायकांचा सगळा दिवस तिथेच संपतो. न्हाणीत प्लास्टिकचं स्टूल, पाणी आधीच काढून ठेवलेलं, बादली त्यांनी उचलायची नाही, पाणी फार कढत नको, वाफ कोंडू नये म्हणून दाराची फट उघडी. आणि अंग पुसत बसायचं नाही, मोठा सुती पंचा किंवा जुनं मऊ लुगडं अंगाभोवती गुंडाळून पाच मिनिटं बसायचं, पाणी आपोआप टिपलं जातं. एवढ्याने त्या अर्ध्या तासाच्या खाटेचे दहा मिनिटं होतील बघा.

आणि खरं तर सगळ्यात आधी पाण्याची चूल बंद करा. माझी कळकळीची विनंती आहे. गॅस आला तरी पाणी तापवायची चूल चालूच राहते हे मी घराघरात बघते, आणि धूर तोच, फुफ्फुसं तीच. मशेरी बंद, डासांची कॉइल पण बंद. एका अभ्यासात एक कॉइल जळली की त्यातून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे मोजलेत. मच्छरदाणी लावा.

लेस्टरकर

इंग्लंडमधून लिहितोय. माझ्या सासऱ्यांचं इथे लेस्टरला झालं म्हणून दोन गोष्टी सांगतो. इथे अ‍ॅडमिट होऊन घरी आलं की चार आठवड्यांच्या आत रिहॅब सुरू व्हावं अशी सरकारी मार्गदर्शक सूचना आहे. हॉलमध्ये दहा-बारा जणांचा ग्रुप, आठवड्यातून दोनदा. चालण्याची टेस्ट बीपच्या आवाजावर असते, दहा मीटरवर दोन कोन आणि बीपचा वेग दर मिनिटाला वाढतो, ही टेस्ट इथल्याच ग्लेनफील्ड हॉस्पिटलमध्ये तयार झाली, १९९२ ला छापली गेली. पण सासऱ्यांना फायदा सगळ्यात जास्त कशाचा झाला म्हणाल तर व्यायामानंतरच्या गप्पांचा. त्यांना वाटायचं हे आपल्यालाच झालंय, लाजेने मंदिरात जाणं बंद केलं होतं खोकल्यामुळे, चारचौघात कफ येतो म्हणून. तिथे सगळेच खोकणारे. गावात ग्रुप नसेल तर आशा ताईंना विचारून बघा, चुलीचा धूर खाल्लेल्या अजून दोन-तीन बायका त्याच वाडीत निघतील, दोघी-तिघींनी मिळून चाललं तर टिकतं.

कोयनाकाठ

सगळ्यांचे खूप खूप आभार, काल रात्री हे सगळं मोबाईलवरून मोठ्याने वाचून दाखवलं घरात. सासरे ऐकून गप्प बसले होते, सकाळी उठून त्यांनी स्वतः पाण्याची शेगडी गॅसला जोडायला माणूस बोलावला.

कार्डावर बघितलं, डिस्चार्जला बसून ९२ होतं, ऑक्सिजनबद्दल काहीच लिहिलेलं नाही, मशीन आम्हीच घाबरून आणलेलं. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले आत्ता गरज नाही, पुढच्या आठवड्यात दाखवायला या. नणंदेला छातीओपीडी सरांचा मेसेज वाचायला दिला. रोटाहेलर समोर ओढायला लावलं तर अर्धी पावडर कॅप्सूलमध्येच होती! आणि रोज घेत नाहीत हे पण कळलं, ‘सवय लागते’ म्हणून बरं वाटलं की सोडतात.

अजून दोन विचारायचंय. ऑक्सिमीटर कधी ९२ कधी ७९ दाखवतं, तेव्हा काय करायचं? आणि खाणं फार कमी झालंय, वजन ३९ आहे, व्यायामाने अजून उतरणार नाही ना?

छातीओपीडी

पंपाची सवय लागत नाही, आजार कायमचा आहे म्हणून औषध कायमचं आहे, एवढंच. चष्म्याबद्दल कोणी सवय लागली म्हणत नाही हे आईंना सांगून बघा. कॅप्सूलमध्ये स्टेरॉइड असेल तर प्रत्येक वेळी चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो.

ऑक्सिमीटर गार बोटावर चुकतं, नखाला रंग किंवा गडद मेंदी असेल तरी चुकतं. हात चोळून गरम करा, बोट स्थिर ठेवून मिनिटभर थांबा, नाडीचा आकडा मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळतोय का बघा, मग आकडा धरा. खरोखर व्यायामात ८८ च्या खाली जात असेल तर थांबवा आणि फॉलोअपला सांगा. आणि कफाचा रंग पिवळा-हिरवा झाला, कफ वाढला, नेहमीपेक्षा जास्त धाप, ताप, पायाला सूज, किंवा माणूस गुंगीत वाटला तर व्यायामाचा विचार नको, सरळ दवाखाना. बरं वाटल्यावर परत थोड्यापासून सुरू. फॉलोअपला फ्लूची लस (दरवर्षी) आणि न्यूमोनियाची लस दोन्ही विचारून घ्या, पावसाळ्याच्या आत.

फिजिओ_करवीर

३९ किलो म्हणजे खाण्याकडे आधी बघायला हवं, नुसत्या व्यायामाने स्नायू वाढत नाहीत, त्याला प्रोटीन लागतं. किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे त्यांना रोज ५० ते ६० ग्रॅम (किडनीचा त्रास नाही ना तेवढं डॉक्टरांना विचारून). एका वेळी ताटभर नको, पोट भरलं की धाप लागते म्हणूनच त्या कमी खात असणार. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. सकाळी अंडं, मधल्या वेळेला शेंगदाण्याचा लाडू किंवा भिजवलेले शेंगदाणे, दुपारी घट्ट वरण आणि दही, चारला दूध किंवा नाचणीची पेज दूध घालून, रात्री हलकं, मूगडाळीची खिचडी वरून तूप. जेवायच्या आधी दहा मिनिटं विश्रांती आणि कफ काढून घ्यायचा. तोंड उघडं ठेवून हा-हा असा जोरात उच्छ्वास सोडला की कफ सुटतो, खोकून खोकून दमायला लागत नाही.

पहिला आठवडा फक्त श्वास, उठबस आणि ओसरीवरच्या दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या, बाटल्या दुसऱ्या आठवड्यापासून. एका वहीत रोजची धाप किती आकड्याची ते लिहा, फॉलोअपला वही घेऊन जा, त्यावरून पुढचं वाढवता येईल. टेस्ट झाली की किती मीटर आले ते इथे टाका, मी त्यावरून चालण्याचा वेग काढून देते.